ड्रिल इन्स्ट्रक्टर कोर्सच्या नावाखाली माझे ८२ हजार गेले

एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट हातात असलेल्या, परेडचं वेड असलेल्या आणि भरतीत एक-दोनदा मागं पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. खोटे कोर्स काढून फसवणारी माणसं नेमकी अशांनाच गाठतात. मला गाठलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे मी कसा अडकलो ते कळेल. कॉलेजची तिन्ही वर्षं मी एनसीसीत काढली. अभ्यासात बेताचा, पळण्यात बेताचा, पण ड्रिलमध्ये युनिटात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सैन्यातून एनसीसीला पोस्टिंगवर आलेले उस्ताद, म्हणजे आमचे पीआय स्टाफ, कॅम्पमध्ये मला स्क्वॉडसमोर उभं करून कमांड द्यायला लावायचे. 'दाहिने' लांबवायचं, मग थांबायचं, मग 'मुड' असं तोडायचं की शेवटच्या ओळीतल्या कॅडेटचीही टाच त्याच क्षणी वाजली पाहिजे. आवाज घशातून काढला तर दोन दिवसांत बसतो, तो पोटातून आला पाहिजे. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. एकदा त्यातल्या एका उस्तादांनी आपली पेस स्टिक कंपाससारखी उघडली आणि माझ्या पुढच्या-मागच्या टाचेमध्ये टेकवून पाऊल मोजलं. तीस इंच पाहिजे. माझं दोन बोटं कमी भरलं. "बेटा, यही दो उंगली पूरी परेड बिगाड़ती है," एवढंच ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास माझ्या शेजारून चालत राहिले, पाऊल बसेपर्यंत. त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. उस्ताद व्हायचं होतं.

भरतीला दोनदा गेलो. तेव्हा १६०० मीटर ५ मिनिटं ४५ सेकंदांच्या आत मारलं तरच पुढं जाता यायचं. दोन्ही वेळा काही सेकंदांनी बाहेर पडलो. मग वय गेलं.

अशात एका जुन्या कॅडेटच्या ग्रुपवर पत्रक आलं. 'मिलिटरी ड्रिल इन्स्ट्रक्टर, सिव्हिलियन एन्ट्री. ४५ दिवसांचा निवासी पूर्वतयारी कोर्स. एनसीसी सी सर्टिफिकेटधारकांना प्राधान्य. नंतर सरकारी ट्रेनिंग आणि पोस्टिंग.' खाली एका वर्दीतल्या माणसाचा फोटो, छातीवर पदकांच्या रिबिनींच्या दोन ओळी. मी फोन केला. पलीकडचा माणूस स्वतःला निवृत्त सुभेदार म्हणवत होता. माझी चौकशी अगदी आपुलकीनं केली. कुठली बटालियन, किती कॅम्प झाले, बेस्ट कॅडेट होतास का. मग म्हणाला, "तुझ्यासारखी पोरं वाया जातात रे. पळण्यात दोन सेकंद कमी पडले म्हणून आवाज थोडाच गेला?" माझ्या मनातली गोष्ट कुणी पहिल्यांदा बोलून दाखवत होतं. तिथंच मी त्याचा झालो.

त्यानं जे गणित सांगितलं ते असं. सैन्यात ड्रिल उस्ताद कमी पडतायत, म्हणून बाहेरची मुलं घ्यायची ठरलंय. आधी यांचा पूर्वतयारीचा कोर्स, मग कामठीला सरकारी ट्रेनिंग, मग सैनिकी शाळेत किंवा ट्रेनिंग सेंटरला नेमणूक. पुरावा म्हणून त्यानं आर्मी कॅन्टीनच्या कार्डाचा फोटो पाठवला. मी तो वडिलांना, आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, कार्ड तर खरं दिसतंय. कार्ड खरं असेलही. ते कुणाचं होतं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. दुसऱ्याच्या कार्डाचा फोटो मोबाइलवर पाठवायला काय लागतं?

पैसे एकदम मागितले असते तर आप्पा कदाचित थांबले असते. तसं झालं नाही. आधी नोंदणीचे २,५०० घेतले. मग कोर्सची फी ३५,०००, ती कारखान्याच्या उसाच्या बिलातून दिली. तिथं पोचल्यावर वर्दी, बूट आणि किटचे ८,५००. पंधरा दिवसांनी मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे ६,०००. शेवटी, नेमणूक पत्र निघायच्या तोंडावर, ३०,००० सिक्युरिटी डिपॉझिट, रुजू झाल्यावर परत मिळणार म्हणून. ते आईनं भिशी उचलून दिले. सगळे मिळून ८२,०००. एकही रुपया कुठल्या संस्थेच्या खात्यावर गेला नाही. प्रत्येक वेळी नवा यूपीआय नंबर यायचा आणि खातेदार म्हणून एका बाईचं नाव दिसायचं. विचारलं तर, "ऑफिसच्या मॅडम आहेत."

कोर्स पुण्याजवळच्या एका भाड्यानं घेतलेल्या मंगल कार्यालयात होता. आम्ही एकेचाळीस जण, त्यात सहा मुली. पहाटे फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, पीटी, मग परेड. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मुख्य उस्ताद पेस स्टिक विसरून चहाला गेला. ती खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. मी जवळून बघायला गेलो, मनात जुनी ओढ होती म्हणून. पितळी टोकं होती, वॉर्निश होतं. हातात घेऊन उघडायला गेलो तर ती उघडेना. नीट बघितलं. तिला सांधाच नव्हता. एकसंध लाकडी दांडा होता आणि मधोमध काळ्या रंगानं रेघ ओढून दोन पाय असल्यासारखं केलेलं होतं. पेस स्टिक ही मिरवायची काठी नाही, ती पाऊल मोजायचं माप आहे. जो उस्ताद पाऊल मोजतच नाही, त्यालाच असला दांडा चालतो.

आणि तो खरंच मोजत नव्हता. तीन दिवसांत त्यानं एकाचीही टाच सरळ केली नव्हती, मूठ तपासली नव्हती, सावधानमध्ये पंजांचा कोन बघितला नव्हता. खरा उस्ताद आधी नमुना करून दाखवतो, मग बयान देतो, मग तीच हालचाल गिनतीनं तुकडे पाडून करून घेतो, आणि प्रत्येकासमोर थांबून चूक काढतो. हा लांबून फक्त ओरडायचा. चालत्या स्क्वॉडला 'थम' एकदा या पायावर द्यायचा, एकदा त्या पायावर. त्यामुळे दर वेळी अर्धा स्क्वॉड थांबायचा आणि अर्धा पुढच्याच्या पाठीवर आदळायचा. शिव्या आम्हाला बसायच्या. सहा मुलींपैकी एक मला हळूच म्हणाली, "दादा, कमांडच चुकीच्या पायावर येतेय ना?" मी तिला म्हणालो, "नवीन पद्धत असेल."

हे वाक्य मला आजही टोचतं. मला कळत होतं. तिथल्या कुणाहीपेक्षा मला जास्त कळत होतं. पण ३५,००० भरून झाले होते, आप्पांनी गावात सांगून झालं होतं, आणि मी गप्प बसलो. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली असती तर त्या मुलीचे पुढचे पैसे वाचले असते, माझेही. ती वाक्याला वाक्य न वाढवता परत स्क्वॉडमध्ये जाऊन उभी राहिली, माझ्यावर विश्वास ठेवून.

पंचेचाळीस दिवस संपले. प्रत्येकाला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणि एक पत्र मिळालं. पत्रावर वर सिंहाचं राजचिन्ह, खाली गोल शिक्का, अमुक तारखेला कामठीला हजर व्हा असा मजकूर. मी पत्र घेऊन घरी न जाता आधी माझ्या जुन्या एनसीसी युनिटला गेलो. मला त्यांना पेढे द्यायचे होते.

तिथले सुभेदार साहेब नवीन होते, मला ओळखत नव्हते. त्यांनी पत्र हातात घेतलं, एकदा वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजू बघितली, आणि विचारलं, "तेरा आर्मी नंबर?" मी म्हणालो, साहेब, मी सिव्हिलियन. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, कोर्स पे आदमी को युनिट भेजती है. तेरी युनिट कौन सी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. तेच इथं देतो, कारण कोर्सच्या आधी हे कुणी मला सांगितलं असतं तर मी वाचलो असतो. सैन्यातला ड्रिल उस्ताद हा आधी सैनिक असतो. भरती होतो, ट्रेनिंग करतो, युनिटमध्ये काही वर्षं काढतो. त्याचं ड्रिल, टर्नआउट म्हणजे वर्दीचा नीटनेटकेपणा, आवाज बघून युनिटच त्याला कोर्सला पाठवते. तो स्वतः अर्ज करून, फी भरून जात नाही. पगारी नोकरीतला माणूस हुकमानं जातो, त्याच्याकडून पैसे कशाला घेतील? त्यामुळे 'सिव्हिलियन एन्ट्री' आणि 'फी' हे दोन शब्द त्या कोर्सशी जोडले की तिथंच खोटं पकडता येतं. कामठीला एनसीसीची अकादमी आहे हे खरं, पण तिथं शाळा-कॉलेजातले शिक्षक एनसीसी अधिकारी होण्यासाठी जातात. फसवणाऱ्यानं नाव खरं घेतलं आणि बाकी सगळं आपलं जोडलं. राजचिन्हाखाली 'सत्यमेव जयते' नव्हतं, तेही त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. ती अक्षरं त्या चिन्हाचाच भाग आहेत.

आमच्यातली विदर्भातली दोन मुलं मात्र जवळ पडतं म्हणून तारखेच्या आदल्या दिवशीच कामठीला पोचली होती, ट्रंका घेऊन. गेटवरच्या संत्रीनं त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा तो निवृत्त सुभेदार आणि मॅडम, दोघांचेही नंबर बंद झाले होते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी मला सांगण्यात आलं की पैसे तू स्वतःच्या हातानं दिलेस, हा आपसातला व्यवहार आहे. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन गेलो, सगळ्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट छापून, तारखेनुसार लावून, पत्र आणि प्रमाणपत्राच्या प्रतींसह. तेव्हा अर्ज घेतला गेला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून वर्दी घालणं हाही कलम १६८ खाली गुन्हा आहे. कलमं माहीत असली की समोरचा टेबलावरून हाकलत नाही, एवढा अनुभव आला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लगेच म्हणजे त्याच तासात, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. मी दीड महिन्यानं केला. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

एकेचाळीसपैकी तक्रार दिली आम्ही तिघांनी. बाकीच्यांना मी फोन केले. कुणी म्हणालं घरी कळलं तर मारतील, कुणी म्हणालं लग्न ठरतंय, आता नको. एकानं मलाच विचारलं, "पण पत्र खरं असलं तर?" त्याला अजून वाटत होतं की तारीख पुढं गेली असेल. मला त्याचा राग आला नाही. मीही तसाच होतो.

उस्ताद व्हायचंच असेल तर रस्ता सैन्यातूनच जातो. वय असेल तर भरती करा, पदवी झाली असेल आणि 'सी' सर्टिफिकेटला चांगली ग्रेड असेल तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीनं अधिकारी होता येतं, तिथं लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत आहे. हे सगळं सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. शाळेत पीटी, परेड शिकवायची असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी घ्या. सैनिकी शाळेत जागा निघाली तर शाळा स्वतःची जाहिरात स्वतः काढते, मधल्या माणसाकरवी नाही. आणि काहीही असो, शंका आली तर जवळच्या एनसीसी युनिटमध्ये जाऊन पीआय स्टाफला पत्र दाखवा. ते पाच मिनिटांत सांगतात. मी पंचेचाळीस दिवसांनी गेलो.

मागच्या आठवड्यात त्यांचं नवीन पत्रक फिरताना दिसलं. कोर्सचं नाव थोडं बदललंय, नंबर बदललाय. मधोमध एक फोटो आहे. खाकी वर्दीतला एक मुलगा स्क्वॉडसमोर तोंड उघडून कमांड देतोय, आणि खाली लिहिलंय 'आमचा यशस्वी प्रशिक्षणार्थी, सध्या सेवेत'. मुलाच्या मागं मंगल कार्यालयाची निळी कमान दिसते. तो मुलगा मी आहे. मी कुठंही सेवेत नाही. ते पत्रक तुमच्यापर्यंत आलं तर पैसे भरू नका, आणि त्यावरचा नवा नंबर पोलिसांना द्या.