आकारांसाठी साचे की चित्रकार्डे, आणि शब्दांसाठी काय?

तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी आकार आणि शब्द शिकवणारे साहित्य घ्यायचे ठरवले, की पालकांपुढे साधारणपणे तीन पर्याय येतात: छापील चित्रकार्डे, लाकडी साचे आणि मोबाइलवरील अ‍ॅप. तिन्हींच्या वेष्टनावर वा जाहिरातीत दोन्ही गोष्टी शिकवण्याची हमी असते. परंतु आकार आणि शब्द मूल एकाच वाटेने शिकत नाही, म्हणून दोन्हींची निवड वेगवेगळी करणे इष्ट.

आकारांपुरते पाहता लाकडी साचे स्पष्टपणे सरस आहेत. रोममध्ये १९०७ साली मारिया मॉन्टेसरी यांनी सुरू केलेल्या बालगृहाच्या परंपरेतील या साच्यांत प्रत्येक आकाराला छोटी मूठ असते; मूल ती चिमटीत धरते, कडेवरून बोटे फिरवते आणि आकार त्याच्या खाचेत बसवते. चुकीचा आकार खाचेत बसतच नसल्यामुळे ‘चुकलं’ असे मोठ्यांना म्हणावे लागत नाही. कार्डावरचा त्रिकोण बहुधा तिन्ही बाजू समान असलेला आणि पायावर नीट उभा असतो. तोच उलटा किंवा निमुळता दाखवला, की अनेक मुले त्याला त्रिकोण मानायला तयार होत नाहीत. म्हणून संच घेताना त्यात समभुज त्रिकोणाबरोबर काटकोनी आणि विशालकोनी त्रिकोणही आहेत का, हे आधी पाहावे. रंग किती आकर्षक आहेत, हा मुद्दा त्यानंतरचा.

महागडा संच मात्र आवश्यक नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच साहित्य केले. घरातही हे जमते. शंकरपाळ्यांची पोळी लाटून झाल्यावर कातणे मुलाच्या हाती द्यावे आणि रेघा एकदा सरळ, एकदा तिरक्या मारू द्याव्यात. बाजू चारच राहिल्या तरी कोपरे कसे बदलले, हे त्याला पोळपाटावरच दिसते.

शब्दांच्या बाबतीत हे गणित बदलते. साचा मुलाला ‘षटकोन’ हा शब्द देऊ शकत नाही. तो कोणीतरी उच्चारावाच लागतो. त्यासाठी मॉन्टेसरी पद्धतीतील तीन टप्प्यांचा पाठ उपयोगी आहे: आधी ‘हा षटकोन’ असे सांगणे, मग ‘षटकोन मला दे’ असे मागणे आणि ते सहज जमू लागल्यावरच ‘हे काय आहे?’ असे विचारणे. चित्रकार्डे वापरणारे पालक पुष्कळदा थेट तिसऱ्या टप्प्याने सुरुवात करतात आणि खेळाची तोंडी परीक्षा होते. शिवाय कार्डांवर नामांचीच गर्दी असते. ‘निसरडा’, ‘चुरगळणे’, ‘काठोकाठ’ असे शब्द कामे करता करता होणाऱ्या बोलण्यातूनच येतात. तेव्हा कार्डे घ्यायचीच असतील, तर ओळखीच्या शब्दांची उजळणी एवढेच काम त्यांना द्यावे.

अ‍ॅपचा क्रम माझ्या मते शेवटचा. पडद्यावर आकार ओढत नेला, की तो बहुधा जागेजवळ पोहोचताच आपोआप चिकटतो. कोपरा जुळवण्याची खटपट, म्हणजे शिकण्याचा गाभाच, त्यात वगळला जातो. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बैठा स्क्रीनवेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा आणि तोही जितका कमी तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी मात्र मी हा क्रम थोडा बदलेन. पाटा-वरवंटा, सूप किंवा बैलगाडी या वस्तू जिथे आसपास नाहीत, तिथे चित्रकार्डे खरोखर उपयोगी पडतात. आणि आजी-आजोबांशी होणारा व्हिडिओ कॉल हा दुतर्फी संवाद असल्यामुळे त्याची गणना अ‍ॅपमध्ये करू नये. तीच कार्डे आजीकडेही असतील, तर तिने ‘सूप दाखव बघू’ म्हणताच मूल आपल्या गठ्ठ्यातून ते शोधून काढू शकते.