कोडब्लॉक्स आणि लिंकर: फोंड्याच्या क्लासातला अनुभव

फोंड्यात मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून क्लासातल्या सगळ्या विंडोज मशीनवर कोडब्लॉक्स २०.०३ हा कोड लिहून चालवायचा प्रोग्रॅम आहे, सोबत आलेल्या जीसीसी ८.१ या कंपाइलरसकट (कंपाइलर म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा). फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पण त्याची खरी परीक्षा होते ती लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम बनवणाऱ्या भागाच्या, एररवर.

कंपाइलरची चूक मुलं शोधतात, कारण ओळीचा नंबर मिळतो. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला, म्हणजे वापरलेलं नाव लिंकरला सापडलं नाही, की हात थांबतात. माझा आग्रह एकच: बिल्ड लॉग उघडा. सेटिंग्जमध्ये कंपाइलर लॉगिंग 'फुल कमांड लाइन' वर ठेवा, म्हणजे लिंकरला नेमक्या कुठल्या फाइली दिल्या ते दिसतं. परवा डिचोलीच्या एका मुलीच्या प्रोग्रॅममध्ये लिंकरला 'पुश' हे फंक्शन सापडेना. कोड अगदी बरोबर. लॉगच्या शेवटच्या कमांडमध्ये मेन.ओ होती (.ओ म्हणजे कंपाइल झालेली फाइल), 'पुश' ज्यात होतं ती स्टॅक.ओ नव्हतीच! त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डीबग टार्गेटवर, म्हणजे ती करत होती त्या बिल्डच्या प्रकारावर, टिक नव्हती. टिक केली, पुन्हा बिल्ड, काम झालं.

'विनमेन' सापडत नाही असं आलं तर आधी मेनचं स्पेलिंग बघा. 'परमिशन डिनाइड' आलं तर बहुधा आधीच्या रनची काळी खिडकी उघडी असते.

मुलांना सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. घरी चाललेला प्रोग्रॅम कॉलेजच्या उबुंटू लिनक्सवर 'मल्टिपल डेफिनिशन', म्हणजे एकाच नावाच्या अनेक व्याख्या, असा एरर देतो. हेडरमध्ये, म्हणजे इतर फाइलींत घ्यायच्या .एच फाइलीत, नुसतं 'इंट काउंट;' लिहून तो दोन फाइलींत घेतला, तर जीसीसी ८ दोन्ही काउंट गुपचूप एक करतो. २०२० च्या जीसीसी १० पासून ही सवलत डिफॉल्टने बंद झाली, आणि ते योग्यच झालं. हेडरमध्ये एक्स्टर्न (व्याख्या दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) लिहा, खरी व्याख्या एकाच .सी फाइलीत ठेवा. कोडब्लॉक्स २०.०३ सोबतचा जुना कंपाइलर ही चूक झाकतो, म्हणून मी नवा जीसीसी वेगळा टाकून घेते. नवशिक्यांना कोडब्लॉक्स जरूर द्या, पण एवढा बदल करून.

गणिताच्या लायब्ररीचंही तसंच. विंडोजवर स्क्वेअर रूट आपोआप लिंक होतं, उबुंटूवर लिंकर सेटिंग्जमध्ये लायब्ररी म्हणून 'एम' द्यावी लागते. मॅथ.एच घेतल्याने फक्त घोषणा मिळते, फंक्शन नाही. टर्मिनलवर कमांड हाताने लिहीत असाल तर -एलएम ('एम' लायब्ररी जोडा असं सांगणारा पर्याय) शेवटी, .सी फाइलींच्या नंतर लिहा. आधी लिहिलं तर उबुंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' परत येतो.