स्प्रिंग कॉम्प्रेसर: हुकवाला की स्टँडवाला?

पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला चाकाजवळचा खांब, उतरवता येत असेल, तर उरलेला खरा प्रश्न एवढाच की स्प्रिंग दाबायची कशाने. साधारण 900 किलोच्या हॅचबॅकमध्ये पुढच्या एका चाकावर अडीचशे-पावणेतीनशे किलो भार असतो, आणि तो पेलणारी स्प्रिंग हातात घ्यायची आहे. म्हणून इथे स्वस्ताई जपून करावी.

हुकवाली जोडी, म्हणजे दोन लांब बोल्ट आणि प्रत्येकाला वर-खाली हुक. ती स्वस्त असते, डब्यात मावते आणि बऱ्याच जणांचं काम तिच्यावर भागतं. घ्यायचीच असेल तर हुकला सेफ्टी पिन किंवा कडी असलेली घ्या. वेढ्यावरून हुक सुटू नये म्हणून ती असते.

पण तिचा एक त्रास सगळ्यावर भारी पडतो. स्प्रिंगचा वेढा सपाट नसतो, चढणीला असतो. ताण आला की हुक त्या उतारावर सरकू लागतो. समोरासमोर लावलेले दोन्ही हुक हळूहळू एकाच बाजूला येतात, मोकळ्या बाजूने स्प्रिंग फुगते आणि केळ्यासारखी वाकते. तेव्हा उपाय एकच: दोन्ही बोल्ट थोडे थोडे सैल करत पूर्ण मोकळे करायचे आणि पहिल्यापासून लावायचं. एका बोल्टला चार-पाच फेरे जास्त बसले तरी हेच होतं, म्हणून दोन-दोन फेरे आलटून-पालटून द्यावे लागतात, सोडतानाही तसेच. आट्यांना ग्रीस लावा, इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावू नका. आटे तापून नट जाम झाला, तर दाबलेली स्प्रिंग तशीच अडकून राहते. हुकचे ओरखडे स्प्रिंगच्या रंगावर उमटतात आणि तिथूनच गंज धरतो, हेही लक्षात असू द्या.

स्टँडवाल्यात स्क्रू एकच. त्यामुळे दोन बाजू कमी-जास्त दाबल्या जाण्याचा प्रश्नच राहत नाही. रुंद पंजे वेढ्याला दोन्हीकडून धरतात, स्ट्रट उभा राहतो आणि आपण बाजूला उभं राहून दांडा फिरवू शकतो. किंमत बरीच जास्त, आणि तो जमिनीला किंवा भिंतीला घट्ट ठोकलेला हवा. नुसता ठेवलेला स्टँड कलंडतो. पंजे आपल्या स्प्रिंगच्या व्यासाला बसतात का, हे विकत घेण्याआधीच मोजा.

वर्षाला एखादंच काम असेल तर स्टँडचा खर्च पटणार नाही, ते मान्य. तरी अशा वेळी हुकवाली घेण्यापेक्षा स्ट्रट घरी उतरवून फक्त स्प्रिंग बदलायला गॅरेजमध्ये नेणं मला जास्त पटतं. दोन-तीन गाड्या सांभाळायच्या असतील, तर माझा कौल स्टँडलाच.

कोणतंही हत्यार असो, स्प्रिंग वरच्या बैठकीतून सैल झाली आणि हाताने हलू लागली की मगच वरचा नट खोला. शॉकअपची दांडी नटासोबत फिरते, ती ॲलन कीने धरून नट ऑफसेट (वाकड्या मानेच्या) रिंग पान्याने काढायचा. परत बसवताना नट नवा. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलंय का ते बघितल्याशिवाय कॉम्प्रेसर सोडू नका.

मागच्या बाजूला टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असेल आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसलेली असेल, तर बहुतेक वेळा कॉम्प्रेसर लागतच नाही. गाडी जॅक स्टँडवर ठेवून बीमखाली जॅक द्या, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवा. ब्रेकची नळी मात्र ताणली जाऊ देऊ नका.