झीप: पार्सलांची माळ ओवणारी पायथॉन लायब्ररी

दादरच्या आमच्या मसाल्याच्या दुकानाच्या ऑर्डरी मीच एका कुरिअरच्या सोप सेवेला पाठवते, म्हणजे एक्सएमएल या टॅगांनी बांधलेल्या मजकुरात विनंती घेणाऱ्या वेब सेवेला. एका ऑर्डरीत कधी ३ डबे, कधी १७. म्हणजे ‘पार्सल्स’च्या पोटात ‘पार्सल’ हा टॅग तितक्या वेळा. आधी स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवायचे. एका गिऱ्हाइकाच्या फर्मच्या नावात ‘अँड’ची ती वळणदार खूण (&) आली आणि सगळं कोसळलं. मग पायथॉनची साधी डिक्शनरी (नाव आणि माहिती यांच्या जोड्या) घेतली, तर तीच ‘की’, म्हणजे तेच नाव, तीनदा लिहिल्यावर शेवटचाच डबा उरला. गरम मसाला पोचला, गोडा मसाला गायब!

मग सोप सेवांशी बोलणारी झीप घेतली. तिच्यात ‘पार्सल’ या कीला डिक्शनऱ्यांची लिस्ट द्यायची, बस्स. लिस्टीत जितक्या डिक्शनऱ्या तितके टॅग; नेमस्पेस (टॅगचं नाव कुठल्या गटातलं) कुठली, हे ती डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवेचं वर्णन करणारी फाइल, वाचून ठरवते. ती ‘अँड’ची खूणही नीट एस्केप होते, म्हणजे एक्सएमएलला चालेल अशी लिहिली जाते. मधला ‘पार्सल्स’चा थर मात्र आपणच द्यायचा. मी विसरले, अख्खी दुपार गेली. ‘क्रिएट मेसेज’वर माझा विशेष जीव: विनंती न पाठवताच एक्सएमएल डोळ्यांनी बघता येतं. डब्ल्यूएसडीएल नसेल तर मात्र हिच्या वाटेला जाऊ नका. फुकट आहे, हे आमच्या सासऱ्यांना सर्वांत आवडलं.