नवी स्पीकर केबल: १०० तास वाजवण्यापेक्षा टोकांकडे बघा

२.५ चौरस मिमीची ओएफसी (ऑक्सिजनमुक्त तांब्याची) स्पीकर केबल आणि तिच्या टोकांना स्क्रूने आवळायचे, टर्मिनलमध्ये खोचायचे बनाना प्लग, हा संच घरच्या स्टिरिओला अगदी पुरेसा आहे. बिनधास्त घ्यावा. खटकतो तो त्यासोबत मिळणारा सल्ला: आधी १०० तास वाजवा, मग आवाज खुलेल. रोज ३ तास ऐकलं तरी १०० तास भरायला महिना उलटतो. तोवर केबल परत करायची मुदत बहुधा संपलेली असते.

तांबं वाजवून मुरत नाही. ५ मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.०७ ओहम, तो पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच शंभराव्या तासाला. ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे पातळी ०.१ डेसिबलनेही घटत नाही. मग आवाज सुधारल्यासारखा का वाटतो? स्पीकर नवे असतील तर त्यांचे सराउंड आणि स्पायडर (कोन, म्हणजे हलणारा पडदा, धरून ठेवणारे लवचीक भाग) वापराने खरोखर थोडे सैल होतात. केबल बदलताना काळवंडलेली टर्मिनलं घासली जातात, त्याचंही श्रेय केबलला जातं. आणि कान सरावतात, हे तर आहेच.

मेहनत घ्यायची ती टोकांवर. आवरण १० ते १२ मिमीच सोला, पातं तारांना लागू देऊ नका. तारांना सोलल्याबरोबर पीळ द्या, प्लगमध्ये तळापर्यंत सारा, स्क्रू आवळा आणि ओढून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. दाबाखाली बारीक तारा एकमेकींत सरकून बसलेल्या असतात, त्यामुळे काल घट्ट वाटलेला स्क्रू आज आणखी थोडा फिरतो. केबल ‘बसणं’ म्हणतात ते एवढंच, आणि ते कुणी चुकवू नये. टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली धरू नका. सोल्डर मऊ, दाबाने हळूहळू पसरतं आणि जोड ढिला पडतो. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली, तर ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो. तशी सोय नसलेला जळूही शकतो.

प्लस-मायनस जपा. एकाच बाजूला उलटं जोडलं गेलं की बेस पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो. शंका असेल तर केबल ॲम्प्लिफायरकडून सोडवा आणि त्या टोकाला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. वूफरचा कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर.

स्पीकरच नवे असतील आणि ते मोकळे करायचे असतील, तर दोन्ही समोरासमोर, अगदी जवळ ठेवा, एकाची जोडणी मुद्दाम उलटी करा आणि मोनो (दोन्हीकडे एकच) पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा सलग खळखळाट, मध्यम पातळीवर लावा. दोघांचे आवाज एकमेकांना बरेचसे मारतात, घरच्यांना त्रास होत नाही. नंतर जोडणी सरळ करायला विसरू नका.

घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जवळपास दीडपट असतो आणि स्क्रूखाली तारा लवकर तुटतात. तशी केबल गळ्यात पडलीच असेल, तर निदान ४ चौरस मिमीची हवी.