उपकेंद्रातील लसीकरण सत्र : एका पालकाचे परीक्षण

मुलीच्या जन्मानंतर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब या लसी प्रसूती झालेल्या रुग्णालयातच मिळाल्या; त्यापुढील लसी मात्र आम्ही गावच्या आरोग्य उपकेंद्रात घेतल्या. ‘फुकटची लस चांगली असेल का?’ हा प्रश्न नातेवाइकांनी अनेकदा विचारल्यामुळे या सेवेकडे मी जरा बारकाईने पाहिले.

लस शीतपेटीतून बर्फाच्या पॅकसह येते. कुपीच्या लेबलावर एका वर्तुळात छोटा चौकोन असतो; उष्णता लागली की तो गडद होत जातो, आणि तो वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची असते. आरोग्यसेविकेने मागताच तो दाखवला. सिरिंज एकदा वापरली की पुन्हा ओढता येत नाही, आणि टोचून झाल्यावर सुई तेथेच कापली जाते. 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील एकत्रित) लसीनंतर ताप येतो, हे खरे आहे. तिच्यात डांग्या खोकल्याचा मारलेला संपूर्ण जिवाणू असल्याने असा ताप अपेक्षितच असतो आणि त्यासाठी पॅरासिटामॉल कसे द्यायचे, हेही सांगितले गेले.

या सेवेचे खरे बळ मात्र टोचण्यात नसून यादीत आहे. खाजगी दवाखाना आलेल्या मुलाची उत्तम काळजी घेतो, परंतु न आलेल्या मुलाशी त्याचा संबंध नसतो. येथे आशाताईंकडे त्या महिन्यात लस देय असलेल्या प्रत्येक बाळाचे नाव असते आणि जे आले नाही त्याच्या घरी त्या जातात. गोवर पसरू नये म्हणून सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात; त्यामुळे शेजारचे मूल राहून गेले तर तो प्रश्न केवळ त्या घरापुरता उरत नाही. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा ज्यांची लस राहून गेली होती अशी मुले शोधण्यासाठी घरोघरी फिरावे लागले, हे विसरता येणार नाही.

उणिवाही आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. सत्र भर कामाच्या वेळेत असते, त्यामुळे रोजंदारीवरील आईला लसीसाठी मजुरी सोडावी लागते. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर 4 तासांत संपवावी लागते, म्हणून मुले कमी असतील तर ‘पुढच्या वेळी या’ असे सांगितले जाते, जे आमच्याही वाट्याला आले. चार डोस वाया जाणे परवडते, पण दूरवरून चालत आलेली आई परत फिरणे परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले तर कित्येकदा गावच्या यादीतही नसतात आणि कारखान्याच्या परिसरातील यादीतही नसतात. लसीनंतर अर्धा तास थांबायला सांगतात, ते योग्यच. मात्र बसायला सावली आणि प्यायला पाणी हवे.

कांजिण्या, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी राष्ट्रीय वेळापत्रकात नाहीत. त्या हव्या असल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागेल. तेवढ्यासाठी सगळेच लसीकरण बाहेर नेण्याचे कारण मला दिसत नाही. वेळापत्रकातील एखादी लस बाहेर घेतलीच, तर तिची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करून आरोग्यसेविकेला अवश्य दाखवावी, अन्यथा तुमच्या बाळाचे नाव यादीत तसेच राहील आणि आशाताईंची एक फेरी विनाकारण वाढेल.