ताऱ्याला नाव देण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक

‘बाळाच्या नावाचा निळसर-पांढरा तारा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, अधिकृत नोंदणीसह!’ या जाहिरातीवर विश्वास ठेवून एका जोडप्याने पैसे भरले आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र घरी आलं. गच्चीवरून तारा काही सापडेना. सापडणारही नव्हता.

प्रमाणपत्रावर ताऱ्याचा आकाशातला पत्ता होता: विषुवांश (आकाशातले रेखांश) ३ तास ४५ मिनिटं, क्रांती (आकाशातले अक्षांश) +२४ अंश १७ मिनिटं. सेकंद नाहीत, तारासूचीतला क्रमांक नाही. खरी गोम इथेच आहे. विषुवांशाचं एक मिनिट म्हणजे या भागात जवळपास पाव अंश, साधारण अर्ध्या चंद्रबिंबाएवढी रुंदी. तेवढ्यात कितीतरी अंधूक तारे मावतात. त्यातला ‘तुमचा’ कोणता, हे विकणाराही सांगू शकत नाही.

स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर उघडून तिथे बघा. कृत्तिकेतला सेलेनो दिसेल: तारासूच्यांत १६ टॉरी किंवा एचडी २३२८८, निळसर-पांढरा, प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) सुमारे ५.४. गडद आकाशातही तो शेजारच्या ठळक ताऱ्यांच्या उजेडात जेमतेम दिसतो, शहरातून तर नाहीच. शिवाय त्याचं नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने आधीच मान्य केलेलं आहे. साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे नऊ हजारांवर तारे केव्हाच सूचीबद्ध झालेत. म्हणून ग्राहकाच्या गळ्यात बहुधा दहाव्या-अकराव्या प्रतीचा तारा मारतात. अकरावी प्रत सहावीपेक्षा १०० पट अंधूक.

ही संघटना नावं विकत नाही. २०१९ मध्ये एचडी ८६०८१ या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींच्या स्मरणार्थ ‘बिभा’ नाव मिळालं, तेही भारतातून मागवलेल्या सूचनांमधून. कुणी पैसे मोजून नव्हे. ‘नोंदणी’ म्हणजे विक्रेत्याची स्वतःची वही. त्या वहीचा कॉपीराइट असला तरी तो वहीपुरताच. दुसरा विक्रेता तोच तारा दुसऱ्याला खुशाल विकतो.

पैसे गेले असतील तर आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या. ‘अधिकृत’ हा शब्द त्यात नीट दिसला पाहिजे. विक्रेत्याच्या अटीही जपून ठेवा. त्यात बारीक अक्षरांत ‘फक्त भेटवस्तू’ असं लिहिलेलं असतं आणि परतावा मागताना तेच पुढे करतात. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पैसे घेऊन साइटच गायब झाली असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.